लिफ्ट येईपर्यंत

माझा मुलगा पुण्यात राहतो आणि रोज संध्याकाळी मला फोन करतो. हे ऐकून लोक म्हणतात, नशीबवान आहात. मीही मान हलवतो. फोन किती वेळ चालतो ते कुणी विचारत नाही आणि मी आपण होऊन सांगत नाही. कंपनीची बस त्याला चौकात सोडते. तिथून बिल्डिंगपर्यंत तो पायी येतो. तेवढ्या वाटेवरचा फोन माझा. "जेवण झालं?" "झालं." "गोळी घेतली?" "घेतली." "बाकी काय विशेष?" "काही नाही." मग लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज येतो. लिफ्टमध्ये रेंज जाते. "बरं बाबा, ठेवतो." झालं. इकडे गोंदियाजवळच्या मुर्री गावातल्या माझ्या घरात मग फक्त फ्रिज घुरघुरत असतो.

बायको होती तेव्हा फोन तिचा होता. मोबाईल कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून ती गॅसजवळ उभी राहायची. भाजी चिरून व्हायची, कणीक मळून व्हायची, फोन आपला चालूच. मी खुर्चीत बसून वैतागायचो. "एवढं काय असते रोज बोलायचं?" असं म्हणालो की ती माझ्याशी नाही, त्याच्याशीच बोलायची, "तुझे बाबा चिडून राहिले पाहाय." आणि दोघं हसायचे. कधी फोन माझ्या हातात दिलाच, तर मी "हां, बरं आहे, तब्येत सांभाळ" एवढं बोलून निखारा परत करावा तसा परत करायचो. ती या उन्हाळ्यात गेली. फोन माझ्याकडे आला, बोलणं काही आलं नाही.

तसा मी मुका माणूस नाही. गोंदियाच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान होतं. भात शिजवायच्या पातेल्याला आमच्याकडे गंज म्हणतात. एका गंजावर मी अर्धा तास बोलू शकत असे, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, समोर गिऱ्हाईक असेल तसं. मुलीच्या आंदणाची भांडी घ्यायला आख्खं कुटुंब यायचं, आणि कोणता गंज किती माणसांच्या भाताचा हे मी नुसतं हातात धरून सांगायचो. जन्मभर गंज विकले. त्यातल्या एकातही स्वतः भात शिजवला नव्हता, ही गोष्ट मला ती गेल्यावर कळली. गुडघ्यांनी आधीच संप पुकारला होता, त्यामुळे दुकानही बंद केलं. म्हणजे बोलायची दोन्ही ठिकाणं एकाच वर्षात गेली.

बातमीचा शोध मला अपघातानं लागला. समोरच्या घरातली सून स्कूटी शिकत होती. एका सकाळी ती एकटीच रस्त्याच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली आणि ब्रेक सापडेपर्यंत माझ्या कुंपणात शिरली. मी ओरडायला म्हणून बाहेर आलो. ती चिखलात बसून हसत होती. "काकाजी, आली जी मले गाडी! फक्त थांबवता येत नाही." त्या हसण्यापुढे माझा आरडाओरडा घशातच राहिला. संध्याकाळी "काय विशेष?" आल्यावर माझ्या तोंडून हेच निघालं. मुलगा मोठ्यानं हसला. "कुंपणाचं काय झालं?" मी कुंपणाचं सांगितलं. "आणि तिची सासू?" मी सासूचं सांगितलं. लिफ्टचं दार उघडलं, मिटलं. तो आत गेला नव्हता. त्यानं एक लिफ्ट सोडली होती.

त्या रात्री मी चक्क आनंदात झोपलो, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवसापासून मी बातमीच्या मागे लागलो. सकाळी चहा झाला की काठी घ्यायची आणि निघायचं. गळकी, आजारी, मेलेली बातमी नको. तसल्या बातम्यांना गावात तोटा नसतो, पण त्या सांगितल्या की मुलाचा आवाज बारीक होतो आणि मग तो डॉक्टरकडे जाऊन यायला सांगतो. मला चांगलीच बातमी हवी होती, मग ती कितीही बारीक असो. आणि पाहायला लागल्यावर दिसायलाही लागल्या. किती दिवस गढूळ ओकणाऱ्या हापशीला स्वच्छ पाणी आलं. बाजारात जाताना रेल्वे फाटक चक्क उघडं सापडलं. मी पुढे जाऊन मागे वळून पाहिलं, खरंच उघडं आहे का म्हणून. नाश्त्याच्या गाडीवाल्यानं न मागता पोह्यांवर दुसऱ्यांदा तर्री घातली, "चाचाजी, आज बढिया बनी है." बोडीतले, म्हणजे आमच्याकडच्या तळ्यातले, पहिले शिंगाडे उकडून बाजारात आले आणि टोपलीवाल्या बाईनं एक सोलून माझ्या हातावर ठेवला, कोमट. समोरच्या सुनेच्या कोंबडीनं पिल्लं काढली. ती तर आता फाटकातूनच विचारते, "काकाजी, आज का खबर भेटली जी?" तिला वाटतं म्हातारा रिकामटेकडा आहे. तिचं काही चुकत नाही.

पण बातम्यांचंही दुकानातल्या मालासारखं असतं. आपल्याला आवडलेली गिऱ्हाइकाला आवडेलच असं नाही. फाटकाच्या बातमीवर तो नुसता "अरे वा" म्हणाला आणि लिफ्टमध्ये शिरला. फाटक उघडं मिळणं म्हणजे काय, हे पुण्यात राहून विसरला असेल. त्या दिवशी मला त्याचा राग आला. राग कसला, वाईट वाटलं. दिवसभर जपून आणलेली गोष्ट अशी दारातच सांडली.

काही बातम्या मी सांगितल्याच नाहीत. आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, एका सकाळी सारसांची जोडी उतरली होती. शेतात सारस उतरणं आमच्याकडे मोठं भाग्याचं. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून कितीतरी वेळ पाहिलं. एक चरत होता तेव्हा दुसरा मान वर करून उभा, मग उलट. खरं तर ही वर्षातली सगळ्यात चांगली बातमी होती. पण शेजारी कुणी नव्हतं, "ते पाहाय" म्हणायला. घरी येऊन मी उगाच भांडी घासत बसलो. संध्याकाळी म्हणालो, "आज काही विशेष नाही."

मग धान निघाला. शेत आता मी करत नाही, गावातलाच एक जण बटईनं, म्हणजे वाट्यानं करतो. त्यानं आमच्या वाट्याचा धान गिरणीतून भरडून आणला आणि ओसरीत पोतं टेकवलं. "भाऊ, नवं कधी करता?"

"पोरगा आला का करू," मी म्हणालो.

नवं खायची आमच्याकडे रीत आहे. शेतातल्या नव्या तांदळाचा भात एकट्यानं खायचा नाही. घरातली सगळी माणसं एका पंगतीत बसतात. वडीलधारा प्रत्येकाच्या तळहातावर पहिला घास ठेवतो, धाकटे पाया पडतात, मग तो घास तोंडात जातो. तोवर घरात जुनाच तांदूळ शिजतो. ती गेल्यामुळे यंदा दिवाळी नव्हती, म्हणून मुलगा आला नव्हता. पण नवं हा काही सण नाही, ती पोटाची गोष्ट आहे, ती करावीच लागते. तो सून-नातीला घेऊन येणार होता. तिकीटही काढलं होतं. मी ओसरी धुऊन घेतली. मग त्याची सुट्टी रद्द झाली. "पुढच्या महिन्यात नक्की, बाबा." मी "बरं" म्हणालो. त्या दिवशी माझ्याकडे सांगण्यासारखी एक बातमी होती, कोणती ते आता आठवतही नाही.

इकडे ड्रममधला जुना तांदूळ संपत आला. तो तिच्या हातचा होता. तिनं निवडून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेला. रोज वाटी बुडवताना मी तळ पाहत असे आणि हात आखडता घेत असे. एका वेळी भात, एका वेळी नुसती पोळी, असं करून पाहिलं. शेवटी एके दिवशी वाटीत चार दाणे आणि बाकी पाला आला. दुकानातून तांदूळ विकत आणावा, हे मनात आलं आणि माझं मलाच कसंसं झालं. ओसरीत स्वतःच्या शेताचं पोतं उभं आणि मी पिशवी घेऊन बाजारात चाललोय. नाही जमणार.

म्हणून त्या संध्याकाळी मी पोत्याची शिवण उसवली. वास आला. नव्या तांदळाचा वास ज्याला माहीत आहे त्याला मी काय सांगू, आणि ज्याला नाही त्यालाही काय सांगणार. गंज घेतला, चौघांचा. लहान गंज घ्यायला हात धजला नाही. तिच्या जुन्या तांदळाला जेवढं पाणी घालून मी कसाबसा भात शिकलो होतो, तेवढंच घातलं आणि झाकण ठेवलं. चार ताटल्या मांडल्या. त्याची, सुनेची, नातीची, माझी.

झाकण काढलं तर आत लापशी. डाव उभा राहत नव्हता. मी गंजाकडे पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. गंजावर ओरडलो, गॅसवर ओरडलो, पुण्याच्या कंपनीवर ओरडलो. मग तिच्यावर ओरडलो, हे एवढं सांगून जायला काय झालं होतं तुला. त्यानंतर खुर्चीत बसलो आणि रडलो. बसल्या बसल्या फोन वाजला.

"जेवण झालं?"

"नाही."

असं उत्तर त्यानं या वर्षात ऐकलं नव्हतं. "का? बरं नाही का?"

"भात बिघडला. लापशी झाली." आज माझ्याकडे बातमी नव्हती आणि शोधायची इच्छाही नव्हती. मला ऐकू येत होतं, तो जिन्याजवळ पोहोचला होता. लिफ्ट येतच होती. "जाय तू," मी म्हणालो. "ठेवतो मी."

"नवा तांदूळ होता का?"

"हो."

त्याची पावलं थांबली. आणि मग जो आवाज आला, तो पुण्याचा नव्हता, या घरातला होता. "तुम्ही एकटेच नवं खाऊन राहिले का जी, बाबा?"

मी डोळे पुसले. लिफ्टचं दार उघडलं.

"ठेवू नका," तो म्हणाला. "बाबा, ठेवू नका फोन. गॅसजवळ जा."

दार मिटलं. लिफ्ट त्याच्याशिवाय वर गेली.

"पाणी किती टाकलं होतं?" मी सांगितलं. "एवढं कायले टाकलं जी? नव्याले पाणी कमी लागते. दुसरा गंज घ्या. तांदूळ धुवा. आता बोट बुडवा, तांदळाच्या वर अर्धं पेर पाणी पाहिजे. जुन्याले पूर्ण पेर, नव्याले अर्धं."

"तुला कोणी सांगितलं?"

"आईनं. इकडे आलो तेव्हा मले कुठं काही येत होतं? मी गॅसजवळ उभा राहायचो आणि ती तिकडून सांगायची. भात होईपर्यंत ठेवायची नाही."

म्हणजे ते एवढं बोलणं हे होतं. मी त्याच खोलीत बसून वैतागत होतो. मोबाईल तिच्यासारखा खांद्यात धरायला गेलो, जमेना. शेवटी तो पोळपाटावर ठेवला आणि स्पीकर लावला. तो जिन्यात बसला होता. कुणीतरी जाता जाता त्याला विचारलं, काय झालं, इथे का बसलात. तो म्हणाला, "घरी भात शिजतोय." पाणी आटलं का विचारलं त्यानं, मग गॅस बारीक करायला लावला, झाकण अर्धं सरकवायला लावलं. मध्ये मध्ये नुसता गंज खदखदायचा.

भात मोकळा झाला. तसं मी सांगितलं. "वाढा मग," तो म्हणाला. मी चारही ताटल्यांत पहिला घास ठेवला. तीन तशाच राहणार होत्या, हे दोघांनाही माहीत होतं. "पाया पडतो, बाबा," तो म्हणाला. मी घास तोंडात टाकला. गोड होता. तिला आवडला असता.

"तुम्ही जेवा," तो म्हणाला. "जेवण होईपर्यंत मी इथंच बसतो."

मी जेवत राहिलो. तो काही बोलत नव्हता, मीही नाही, दिवसभरातली एकही गोष्ट सांगायला नव्हती आणि फोन चालू होता. पोट कधीच भरलं होतं. पण ताट संपलं की फोनही संपणार होता, म्हणून मी आणखी भात वाढून घेतला.