रिबेकाताईचा शनिवार

रिबेकाताई जाऊन महिना होत आला, तेव्हा इस्रायलहून तिच्या मुलाचा, दानियलचा फोन आला. ‘मावशी, आई गेली तेव्हा दिवस मावळला होता का?’ मृत्यूच्या दाखल्यावर शुक्रवारची तारीख आहे, पण या बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या ज्यू लोकांचा नवा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. दरवर्षी आईच्या नावानं दिवा लावायचा तो कुठल्या दिवशी, हे त्याला ठरवायचं होतं.  ती संध्याकाळ मला आठवायचीच नव्हती…

लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात आम्ही दोघी बरोबर खोकी भरायचो. शनिवार म्हणजे पर्यटकांचा लोंढा, आणि ही बाई नेमकी शनिवारीच घरी. मालक करवादायचे, ‘अहो बाई, शनिवारीच तर गिऱ्हाईक लोटतं.’ रविवारी ही दोघींचं काम एकटी उपसायची, पण शनिवार सोडला नाही. मी चिडवलं, तर म्हणाली, ‘मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, आम्ही गुलाम होतो सुमन. गुलामाला कसली सुट्टी? देवानं सोडवलं म्हणजे काय केलं, तर एक वार आमच्या हातात दिला. तो मी शेटला परत देऊ होय?’

त्यांचं प्रार्थनामंदिर पुण्यात. इथं हिच्या घरी काय, तर दीड खोली आणि पांढरी चादर घातलेलं टेबल. ‘देवाला एवढ्याशा जागेत बोलावतेस?’ असं मी एकदा विचारलं. ‘आमच्या तोरा ग्रंथात लिहिलंय, रानात तो तंबूत राहिला. त्या मानानं माझ्याकडे फरशी आहे,’ म्हणाली. दानियलनं किती बोलावलं, पण ही गेली नाही. मला बाई त्याचा आनंदच व्हायचा, स्वार्थी म्हणा हवं तर.

शेवटच्या शुक्रवारी मी तिच्याकडेच होते. दिवे लावून तिनं डोळ्यांवर हात धरले. बाहेर पार अंधारल्यावर मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हटला, मला पेला दिला, स्वतः घोटभर प्यायली. ‘जरा टेकते गं,’ म्हणाली आणि खुर्चीत मान कलली.

हे सगळं मी दानियलला सांगितलं. ‘सरबत झालं होतं रे. शनिवार लागला होता.’

तो मग म्हणाला, ‘म्हणजे आई सुट्टीत गेली.’

आता शुक्रवारी दिवेलागणीला मी हातातलं काम ठेवते. त्यांची प्रार्थना मला येत नाही. नुसती बसते, आणि रडू आलं तर रडून घेते. त्या वेळी मला कुणाचं काही द्यायचं नसतं.