बँकेत भरलेली भाऊबीज

शेवटची काही वर्षं मामा आईची भाऊबीज बँकेत भरायचा. घरी यायचा नाही. दिवाळीत बँक बंद, म्हणून दोन दिवस आधीच शिरढोणहून पनवेलला येऊन स्लिप भरून जायचा. बँक आमच्या बिल्डिंगपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथवर येऊन तो मागे फिरायचा, याचा मला भयंकर संताप यायचा.

बाबा गेल्यावर आईचं ते खातं त्यानंच काढून दिलं होतं, नंबर त्याला पाठच. पुढे गावची जमीन बिल्डरकडे जायची वेळ आली आणि हक्कसोडीचे कागद आले. बहिणीनं वाटा सोडल्याची सही करायची होती. आईनं केली नाही. पैशाचा लोभ नव्हता हो तिला! सही केली की माहेर संपलं, एवढंच तिच्या डोक्यात बसलं होतं. मामाला वाटलं, बहीण उलटली. तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही म्हणाला आणि मेला तरी ठेवला नाही. पण ओवाळणी चुकवेल तर शपथ.

बँकेचा मेसेज वाजला की आई फोन माझ्यापुढे धरायची. भरणाऱ्याचं नाव त्यात नसायचं, पण दुसरं कोण भरणार? एका वर्षी माझं डोकं फिरलं. बँकेत जाऊन म्हटलं, हे पैसे घेऊ नका. काउंटरवरची बाई शांतपणे म्हणाली, मॅडम, नंबर माहीत असेल तर कुणीही भरू शकतं, त्याला खातेदाराची परवानगी लागत नाही. घरी येऊन मी आदळआपट केली.

"भरूंदे," आई म्हणाली. "जिता हाय, येवडा तरी समजतं."

भाऊबीजेला मात्र ती पाट मांडायची. निरांजन, सुपारी, करंज्या, सगळं ताटात. दिवस मावळेपर्यंत पाणीसुद्धा प्यायची नाही. ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात, तसं तू कर, असं शेजारणीनं एकदा सुचवलं, तर आई तिच्यावर अशी उखडली की बिचारी महिनाभर आमच्याकडे फिरकली नाही. माझा भाऊ जिवंत असताना चंद्र कशाला? मी म्हणायचे, मग कर की फोन. त्यावर तिचं ठरलेलं, भावाला बोलवावं लागत नाही, भाऊ येतो. अंधार पडला की गुपचूप पाट उचलायची. मला रडू यायचं आणि रागही यायचा.

यंदा गणपती गेले आणि मामा गेला. झोपेतच. दहाव्याला मामी आईच्या शेजारी येऊन बसली. रागानं नाही, थकून बोलली.

"भाऊबीजेला हे नवी टोपी घालून वट्यावर बसाचे. सांजपर्यंत जेवाचे नाय. बोलाचे, तिनी पैसे घेतलेन, आता जेवाला बोलवील."

परतताना रिक्षात कळंबोलीकडे जाणाऱ्या ट्रकांच्या गर्दीत आम्ही अडकलो, तेव्हा आई एकदम माझ्याकडे वळली.

"मी कुठं घेतले गं? बँकेनं घेतले."

एवढ्याशा अंतरावर दोघं म्हातारी माणसं एकाच दिवशी उपाशी बसत होती, तीही वर्षानुवर्षं. त्या रिक्षात मला दोघांनाही धरून हलवावंसं वाटलं. एक तर आता राहिलाच नव्हता.

भाऊबीज आली. त्याआधीचे दोन दिवस आई फोन पदरात घेऊन फिरत होती. मेसेज वाजला की माझ्याकडे आणायची. रिचार्जचा, साड्यांच्या सेलचा. मी नाही म्हटलं की मान हलवायची, जणू तिला ठाऊकच होतं. ठाऊक होतंच. तरी आणायची.

त्या दिवशी तिनं पाट मांडला नाही. सूर्य बुडाल्यावर ताट घेऊन गच्चीवर निघाली, मी मागोमाग. कामोठ्याच्या टॉवरांवर चंद्राची बारीक कोर दिसत होती, थोड्याच वेळात मावळणारी. वाऱ्यानं निरांजन विझायला लागलं, तेव्हा मी हात आडवा धरला. आईनं ओवाळलं. सुपारी फिरवली, अक्षता टाकल्या. मग कठड्यावर करंजी ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

"जेव आता, दादा," ती म्हणाली. "मी बोलावलाय."