पिक अपचे अर्थ

इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्याला किस्से साठवावे लागत नाहीत. फळा पुसला तरी ते मागं राहतात. क्रांती चौकातल्या माझ्या क्लासात एकट्या ‘पिक अप’नं मला महिनाभर हसवलं.

*

पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं, पिक अप म्हणजे उचलणं. मागच्या बाकावरून नाना शिंदे म्हणाले, “मॅडम, पिकअप म्हंजे गाडी. माझ्याकडं हाय की!”

नाना पन्नाशीचे. पिकअपमधून भाजीची पोती शहागंजला न्यायचे आणि स्वतःच उतरवायचे. कंबर धरली, तेव्हा डॉक्टरांनी वजन उचलायला सक्त मनाई केली. आता त्यांना एका हॉटेलात पाहुण्यांची कार चालवायची नोकरी हवी होती आणि तिथली मुलाखत इंग्रजीत होती.

*

सहज शिकणं हाही पिक अपच, मी सांगितलं. भाषा बाजारात पिक अप होते, शहागंजात बघा ना. तिथंच बांगड्यांचं दुकान असलेल्या नसरीन आपा शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, शहागंज में तो पाकीट पिक अप होता.”

*

पुढचा अर्थ फोन घेणं. मुकुंदवाडीच्या अर्चनानं लगेच वाक्य केलं, “माय हजबंड नो पिक अप सिन्स मॉर्निंग.”

शेजारची मैत्रीण म्हणाली, “थंडीत गाडी पिकअप घेत नाय बाई, चोक दे.”

*

मुलाखतीच्या दिवशी मीही नानांबरोबर हॉटेलात गेले, त्यांच्यापेक्षा माझीच धडधड जास्त. मॅनेजरनं विचारलं, विमानतळावरून गेस्टना पिक अप कराल का? नानांना डॉक्टर आठवले.

“स्मॉल बॅग, येस सर. गेस्ट, नो.”

मॅनेजर डोळे पुसेपर्यंत हसला. नोकरी मिळाली. पिक अप म्हणजे घ्यायला जाणं, हा अर्थ मी नानांना त्यानंतर सांगितला. आधीच सांगायला हवा होता, हे खरंच.

*

पहिल्याच ड्यूटीला दुपारी नानांचा विमानतळावरून फोन. परदेशातून एक आजी लेकीबरोबर आल्या होत्या, व्हीलचेअरवर. कार उंच, आजींना उभं राहता येईना आणि लेकीला एकटीला झेपेना. आजी ओशाळून हसल्या आणि त्यांनी नानांकडं दोन्ही हात पसरले.

कंबर बरी आहे ना, मी विचारलं.

“काय नाय झालं मॅडम. लई हलक्या होत्या,” नाना म्हणाले. “तुमचा पहिलाच अर्थ बरोबर हाय.”