भिंतीवरचा माणूस आणि सरांचा झूम

शाळेवर बोर्डाच्या परीक्षेची ड्युटी एक-दोन वर्षं केली, की किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. पेपर तीन तासांचा आणि किस्से त्याच्या पुरवणीत! स्टाफरूममध्ये चहा आला की एक जण सुरू करतो, आणि चहा गार होईपर्यंत कुणी थांबत नाही.

आमची शाळा निलंग्याच्या अलीकडं. परीक्षेच्या पहिल्याच दिवशी बैठ्या पथकाच्या मॅडम देगलूरहून आल्या. वर्गामागच्या भिंतीवर कॉप्या पुरवायला चढलेली जत्रा त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि मुख्याध्यापक बिराजदार सरांना सांगितलं, "ओळखू येईल असा एकाचा तरी फोटो द्या. मी गुन्हा नोंदवते. नाहीतर केंद्र बंद करायची शिफारस करते."

केंद्र गेलं असतं तर आमच्या पोरींना पेपरला एसटीनं निलंग्याला जावं लागलं असतं. निम्म्या पोरींना घरच्यांनी पाठवलंच नसतं. मला त्याचं खरंच वाईट वाटत होतं. सरांना कशाचं वाटत होतं, ते त्यांनाच ठाऊक.

* * *

कॅमेरा घ्यायला सर मला घेऊन लातूरला गेले. गॅदरिंगचे फोटो मी काढतो, म्हणून शाळेतला तज्ज्ञ मीच! एका खोक्यावर डिजिटल झूमचा आकडा भला मोठा होता आणि ऑप्टिकलचा कोपऱ्यात, मुंगीएवढा.

मी म्हणालो, "सर, ऑप्टिकलचा आकडा बघा. त्यात लेन्स खरंच जवळचं दाखवते. डिजिटल म्हणजे आहे तोच फोटो नुसता ताणायचा."

सर माझ्याकडं कीव करून बघत म्हणाले, "अख्खा देश डिजिटल होऊन राहिला, अन् तुम्ही ऑप्टिकल धरून बसलात?"

दुकानदारानं मान डोलावली. त्याचं काय जातंय!

* * *

दुसऱ्या पेपरला मी ऑफिसच्या गच्चीवरून भिंतीवरचा माणूस टिपला. झूम शेवटपर्यंत लावला होता. स्क्रीनवर गुलाबी चौकोन आले. वरच्या अंगाला दोन-चार काळे चौकोन होते, ते बहुधा केस.

सरांनी गावातल्या माणसांना बोलावून फोटो दाखवला. सरपंच म्हणाले, "ह्यो आमच्या गावचा न्हाई." पोलीस पाटील म्हणाले, "माणूस हाय का, हेच आधी ठरवा."

मागं एक जण मान उंचावून बघत होता. अंगात गुलाबी शर्ट. तो पुढं आला, कॅमेरा हातात घेतला, लई वेळ निरखला आणि म्हणाला, "न्हाई बा. वळखीचा वाटंना."

* * *

मधल्या सुट्टीत गणिताच्या पठाण सरांनी मला विचारलं, "मियाँ, जितकं जवळ आणायलाव, तितकं गायब होऊन राहिलंय. ये क्या माजरा है?"

मी समजावलं, "लेन्सला दिसलं तेवढंच खरं असतं. त्याच्यापुढचं कॅमेरा आपल्या मनानं भरतो."

"असं होय!" पठाण सर म्हणाले. "म्हणजे आपल्या अंतर्गत गुणांवानी!"

बिराजदार सर शेजारीच बसले होते. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं ते बुडालंच.

* * *

आमचे शिपाई मारुतीमामा कमी बोलतात. तीन पेपर सरांचं गच्चीवर चढणं-उतरणं बघून ते शेवटी बोलले, "सर, भिंत हितून तीस पावलांवर हाय. चालत गेलं की तोंड दिसंल की!"

सर म्हणाले, "चालत गेलो तर त्यांनाबी माझं तोंड दिसतंय, मामा."

* * *

मॅडमनी मग शेवटची मुदत दिली: इतिहासाचा पेपर. मी नांदेडच्या माझ्या साडूचा कॅमेरा मागून आणला. तो लग्नाचे फोटो काढतो, त्याच्याकडं खरा ऑप्टिकल झूम.

पेपर सुरू झाला आणि एक गडी भिंतीवर चढला. वर्गातल्या पोराला दिसावा म्हणून त्यानं मोठ्या अक्षरांत उत्तरं लिहिलेला फुलस्केप कागद दोन्ही हातांनी पसरून धरला. मी गच्चीवरून बटण दाबलं. चेहरा लख्ख आला, मिशीचा केस न् केस मोजावा असा! केंद्र वाचलं म्हणून मी जिन्यावरून अक्षरशः उड्या मारत खाली आलो.

ऑफिसात सगळे गोळा झाले. मॅडमनी फोटो मोठा करत करत चेहऱ्यावरून कागदावर आणला. "अहो, उत्तरं वाचता येतायत!" त्या म्हणाल्या. "आणि अक्षर बघा, मोत्यासारखं! वेलांटी तर किती देखणी. कुणाचं असेल हो?"

मॅडमच्या पाठीमागं फळा होता. त्यावर बिराजदार सरांनी रोजच्यासारखा सकाळी सुविचार लिहिला होता. पठाण सरांनी एकदा कॅमेऱ्याकडं बघितलं, एकदा फळ्याकडं, आणि मग वर पंख्याकडं.

मारुतीमामांनी कुणी न सांगता फडकं उचललं आणि फळा पुसायला घेतला.

सरांनी मॅडमच्या हातातून हळूच कॅमेरा घेतला. फोटो लहान करत गेले. आधी कागद लहान झाला, मग माणूस, मग नुसती लांबलचक भिंत आणि मागचं लिंबाचं झाड उरलं.

"हां," सर म्हणाले. "आता बघा, मॅडम. आमच्या शाळेचं कंपाउंड किती झकास आलंय!"