बैल कायम, माणूस हंगामी

बदलीच्या नोकरीत सामान वाढवू नये म्हणतात. दर बदलीला मी काही ना काही देऊन टाकत आले. एकदा जातं दिलं, एकदा पाळणा, एकदा तर आमच्या यांची बाजाची पेटी! (ती मुद्दाम दिली, पण ते जाऊ द्या.) किश्श्यांना मात्र ट्रकभाडं लागत नाही. आता अमरावतीला येऊन टेकलो तर घरात भांडी कमी आणि किस्से जास्त, अशी गत झाली आहे. शेजारणी दुपारी येतात, म्हणतात, “काढा हो एखादा जंगलातला.” मी काढते. हसतात सगळ्या. मीही हसते. अलीकडे मात्र शेवटाकडे आले की चहा गाळायला उठते.

आमचे हे जंगल खात्यात रेंजर. आणि किस्से सगळे एकाच ठिकाणचे. अकोटच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला पिंपळदरा नावाचं गाव होतं, तिथे यांची रेंज होती. ऑफिस म्हणजे तीन माणसं धरा. एक हे. दुसरे कारकून ठोसरबाबू, पोटापेक्षा जीभ मोठी. तिसरा सुखदेव, गावातलाच, उन्हाळ्यात जंगलाला आग लागू नये म्हणून पहारा करणारा. चौथी मी. न विचारता सल्ला देणारी, बिनपगारी!

* * *

तिथे गेल्या गेल्या मी एक शब्द शिकले. हेड.

क्वार्टरचं छप्पर गळत होतं. मी म्हटलं, “कौलं बदला की.”

हे म्हणाले, “हेड नाही.”

विहिरीचा रहाट मोडला. “हेड नाही.” ऑफिसच्या दाराला कडी नव्हती, गावातली वासरं आत येऊन कागद चघळायची. त्यालाही हेड नाही! म्हणजे असं, की सरकार पैसे देतं ते नाव घालून देतं. रोपांचे पैसे रोपांना, रस्त्याचे रस्त्याला. ज्याचं नाव वरच्या कागदात नाही, त्याला दमडी नाही. आता हे मला कळायला सहा महिने लागले, तर सासूबाईंना कसं कळावं? त्या आल्या होत्या चार दिवस राहायला. ताट गळतीखालून सरकवत त्यांनी विचारलं, “काय गं, दुरुस्ती काहून नाही करत?”

“यांच्या खात्याकडे हेड नाही, आत्याबाई.”

सासूबाईंना इंग्रजी एवढंच यायचं, की हेड म्हणजे डोकं. त्या बराच वेळ छपराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हाव, ते दिसूनच राहिलं.”

* * *

आमचं जंगल जागचं हललं नाही, पण आमची राजधानी हलली. आम्ही गेलो तेव्हा सगळे कागद नागपूरला जायचे. मग छप्पन साली राज्यं बदलली आणि कागद मुंबईला जायला लागले.

यांनी नागपूर असताना सागाचं बी मागितलं होतं. ते मागणं कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर गेलं देव जाणे. वर्षभराने एक पोतं आलं. आम्ही सगळे वऱ्हांड्यात जमलो. यांनी सुतळी कापली, मूठभर बी हातावर घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

“सागाचं नाही हे.”

“मग?”

“सुरूचं आहे. समुद्राकाठी वाळूत लावतात ते.”

 अकोटपासून समुद्र किती लांब ते तुम्हीच बघा नकाशात. शेवटी ठोसरबाबूंनी कान खाजवला आणि म्हणाले, “काही हरकत नाही, सायेब. आता समुद्राचं इस्टिमेट पाठवून देऊ!”

* * *

त्या वर्षी गावागावांतून फिरून यांनी आणि सुखदेवनं स्वतःच सागाचं बी गोळा केलं. टेकडीच्या उतारावर रोपवन लावलं. यांनी आखलं आणि सुखदेवनं लावलं. गावात त्याला सगळे “सुखदेवचं रोपवन” म्हणायचे. यांना जरा लागायचं ते, बोलायचे नाहीत. पाहुणे आले की दोघांत चढाओढ, पोरगं दाखवल्यासारखं कोण आधी दाखवतो! मला विचाराल तर पहिली दोन वर्षं मला तिथे नुसतं गवत दिसलं. तरी मी “वा वा” म्हणायची. संसार म्हटला की करावं लागतं.

रोपांना पाणी घालायला खात्याची बैलजोडी होती. आणि गंमत म्हणजे, त्या बैलांच्या पेंडीला कायमची मंजुरी होती! कोणत्या तरी इंग्रज साहेबाच्या काळात झालेली, ती चालूच. दर महिन्याला न चुकता पेंड यायची, सरकी यायची. बैल कसे तुकतुकीत!

सुखदेव मात्र हंगामी. दर हंगामाला नवा, दर मार्चअखेर बाद. त्याची एकच इच्छा होती. कायम व्हायचं. खाकी सदरा, महिन्याला पगार, आणि पोरीला सोयरिक बघताना “बाप सरकारी नोकरीत आहे” असं सांगता यावं. हे दरवर्षी त्याच्यासाठी वर लिहायचे. वरून दरवर्षी तेच उत्तर. पद मंजूर नाही.

एकदा तो बैलांना पेंड घालत होता. मी तिथेच उभी होते. हातातल्या पाटीकडे बघून म्हणाला, “बाई, सायबाले सांगून मले कागदावर बैल करून टाका न!”

मी पोट धरून हसले. तोही हसला. ठोसरबाबू खिडकीतून ओरडले, “तुले नाही जमत बापा! बैलाले वयाची अट आहे!”

आता आठवलं की वाटतं, सुखदेव आमच्यापेक्षा जरा कमी हसला होता.

* * *

मार्च महिना आला की हे घरात नसायचे. वर्षभर पैसा नाही, पैसा नाही, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तार यायची: एवढे मंजूर, एकतीसच्या आत खर्च करा, नाहीतर परत! मग हे अकोटला पळायचे. कुदळी आणायचे, तारा आणायचे, फवारे आणायचे. एकदा इतके कंदील आणले की पिंपळदऱ्यात दिवाळी करता आली असती. रॉकेलला अर्थात हेड नव्हतं.

मी म्हटलं, “अहो, उरले तर उरले! परत करा. वाचवले म्हणून शाबासकी देतील.”

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्या रोपवनाकडे पाहायची.

तर मी म्हटलं, आपणच करून दाखवू. त्या महिन्यात मी घरखर्चात काटकसर केली. पोळीला तेल कमी, चहाला साखर कमी. महिनाअखेर उरलेले पैसे मोठ्या दिमाखात यांच्या हातावर ठेवले. खूश झाले. आणि पुढच्या महिन्यात तेवढेच कमी दिले!

“भागतं ना तेवढ्यात,” म्हणाले.

त्या दिवशी मला सरकार कळलं. तेव्हापासून महिन्याची शेवटची तारीख आली की मी अकोटच्या एसटीत असते.

* * *

लिलावाच्या दिवशी आमच्या अंगणात मांडव पडायचा. तोडायला काढलेल्या सागाच्या कूपांचा, म्हणजे जंगलाच्या आखून दिलेल्या तुकड्यांचा, लिलाव. दूरदूरचे लाकडाचे ठेकेदार यायचे, धामणगावचे, अमरावतीचे. बोली चढायची आणि मी आत चहाच्या पातेल्यात पाणी चढवायची. पैसा भरपूर यायचा. यायचा म्हणजे, अंगणातून जायचा. सगळा वर. त्यातला परत खाली किती यायचा, तर बैलांची पेंड!

एकदा लिलावाला दौऱ्यावरचे मोठे साहेब आले होते. भाषण झालं. साहेब म्हणाले, “मित्रहो, जंगल ही राष्ट्राची बँक आहे!” टाळ्या पडल्या. मी पडद्याआडून टाळ्या वाजवल्या, बांगड्या वाजल्या म्हणून हे रागावले.

ठोसरबाबू माझ्याकडून कपबश्या घ्यायला आले. हळूच म्हणाले, “बाई, बँक तर हायेच. पण आपलं खातं उघडलं ते फक्त काढायले.”

त्या लिलावात जुन्या सागाचे दोन कूप गेले. हे संध्याकाळी जेवले नाहीत. म्हणाले, “रोपवनाला मोठं व्हायला साठ वर्षं लागतील.” मी म्हटलं, “होईल की.” दुसरं काय म्हणणार? मला तर लोणचं मुरेपर्यंतसुद्धा धीर धरवत नाही.

* * *

आता आगीचं सांगते. त्याच्यात हसण्यासारखं थोडं आहे, तेवढं हसून घ्या.

जंगलाला आग लागते उन्हाळ्यात. पानं गळतात, गवत वाळतं, मोहाची फुलं वेचणाऱ्या एखाद्यानं झाडाखालचा पाचोळा जाळला की पुरे. ऐन आगीचा महिना म्हणजे एप्रिल. आणि पहाऱ्याचे पैसे संपायचे एकतीस मार्चला! नव्या वर्षाचे मंजूर होऊन यायचे ते पावसाबरोबर. म्हणजे चिखलात उभं राहून आगीवर पहारा करायचा!

मी म्हटलं, “मग आगीलाच सांगा ना, बाई, जूनमध्ये ये.”

हे म्हणाले, “सांगितलंय वर. उत्तर यायचंय.”

पण एक हेड बारा महिने उघडं होतं. आग विझवण्याचं. आग लागली की गाव बोलवायचं, जो येईल त्याचं नाव मस्टरवर, त्याला मजुरी. त्याला तारखेचं बंधन नाही.

दरवर्षी एप्रिल लागला की सुखदेव अकोटला जिनिंगमध्ये कामाला जायचा. त्या वर्षी कपाशी बुडाली, जिन लवकर बंद पडला. हा घरीच. एक दिवस सकाळी ऑफिसच्या पायरीशी येऊन उभा राहिला. मी तुळशीला पाणी घालत होते, सगळं ऐकू येत होतं.

“सायेब, पहारा लावा न मले. रोपवन वाळून राहिलं.”

“कुठून लावू, सुखदेव? हेड नाही.”

त्यानं पायरीवरचा पाचोळा पायानं बाजूला केला. मग म्हणाला, “सायेब, एक विचारू? आग राखली त मजुरी भेटत नाही. आग लागली त भेटते. असं काहून?”

यांनी समोरचा कागद उचलून दुसऱ्या फाईलीत ठेवला.  ठोसरबाबू वासरू हाकलायला म्हणून बाहेर आले, आणि वासरू नव्हतंच!

* * *

आणि मग चार-पाच दिवसांनी दुपारी गावात डफडं वाजलं. मी बाहेर आले तर टेकडीच्या पलीकडून धूर. रोपवनाच्या खालच्या अंगाला पडीक गवताचा तुकडा होता, तिथून उठलेला. तेवढाच जळला असता तर कोणाचं काही जात नव्हतं. हे तसेच, पायात वहाण न घालता धावले. गाव धावलं. ओल्या फांद्यांनी झोडपून आग विझवतात, तशी झोडपत होती माणसं. सगळ्यांच्या पुढे सुखदेव. लोक सांगत होते, त्याला मागे ओढावं लागलं.

तरी अर्धंअधिक रोपवन गेलं. संध्याकाळी हे परत आले ते काळेठिक्कर. मी पाणी काढून दिलं तर हातात तांब्या धरून नुसते बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सुखदेव स्वयंपाकघराच्या दाराशी आला. दोन्ही तळहात भाजलेले, फोड आलेले. मी खोबरेलात चुन्याची निवळी घोटली आणि लावायला बसले. माझी जीभ कसली थांबते! “इतकं पुढे जायचं असतं का रे? मेला असतास म्हणजे? अर्धं तरी वाचवलंस हो तू.”

तो हात पुढे धरून बसला होता. वर पाहिलं नाही.

“वारं पलटलं, बाई,” म्हणाला. एवढंच.

मग मजुरीचा दिवस आला. आग विझवण्याचे पैसे, इतक्या लवकर कधी कशाचे आले नव्हते! अंगणात सगळं गाव बसलेलं. वऱ्हांड्यात टेबल, हे खुर्चीवर, ठोसरबाबू मस्टर घेऊन. पहिलंच नाव होतं त्याचं.

“सुखदेव!”

तो उठला. टेबलापाशी आला नाही.

“ये ना बापा, अंगठा लाव,” ठोसरबाबू म्हणाले.

“मी नव्हतो, सायेब.”

“काय?”

“आगीवर. मी नव्हतो तिथं. माह्या नावानं मजुरी नोका टाकू.”

लोक हसायला लागले. कोणीतरी ओरडलं, “अरे, सगळ्याच्या पुढं तर तूच होता!” ठोसरबाबू म्हणाले, “येडा झाला का? हात दाखव सायबाले तुया!”

सुखदेवनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

हसणं हळूहळू बंद झालं. यांनी त्याच्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते, मला यांचा चेहरा दिसत होता.  मग ठोसरबाबूंच्या हातातला टाक घेतला आणि मस्टरवर एक रेघ ओढली.

“बरोबर आहे, बाबू,” हे म्हणाले. “तो नव्हता. पुढचं नाव घ्या.”