घरच्या घड्याळातले चार तास

ती संध्याकाळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मी तेव्हा मिशिगनमधल्या एका विमानतळावर पोलिसांत होतो. तिशीतच नोकरी सोडली, म्हणून 'निवृत्त' म्हटलं की लोक हसतात. हसोत.

२००४ चा वसंत. सिअ‍ॅटलहून आलेल्या विमानातल्या एका प्रवाशाने खबर दिली होती: शेजारचा म्हातारा खिडकीबाहेर बघतो, घड्याळ बघतो आणि परक्या लिपीत लिहितो. एवढ्यावर माणूस अडवायचो आम्ही.

हा म्हातारा म्हणजे नागपूरचे एक काका. मुलाकडे सिअ‍ॅटलजवळ बेलव्ह्यूला राहून मुलीच्या पदवीदानासाठी अ‍ॅन आर्बरला निघाले होते. समारंभ दुसऱ्या दिवशी सकाळी. मुलगी बाहेर ताटकळत होती. आमचा सार्जंट त्यांना इमिग्रेशनच्या ताब्यात द्यायला निघाला होता, म्हणजे व्हिसा रद्द आणि परतीचं विमान. दोन तास जबाब चालला होता. काका फक्त "वाइफ टाइम, वाइफ टाइम" म्हणत होते. मराठी येणारा मी एकटाच, म्हणून मग मला बोलावलं.

सार्जंटचा मुद्दा सरळ होता. विमान नऊला उडालं, वहीत, काकांनी खुणेने सांगितल्याप्रमाणे, साडेनऊ. या देशात अर्ध्या तासाचा फरक कुठेच नसतो, तेव्हा ही वेळ नाही, सांकेतिक भाषा आहे.

मी वही वाचली. 'साडेनऊ. निघालो. दहा. बर्फाचे डोंगर, वाळत घातलेल्या धोतरासारखे. साडेअकरा. नदी, दोऱ्याएवढी. एक. पाणीच पाणी, आकाश कुठलं कळेना.' खोलीतल्या ट्यूबलाइटखाली मलाच क्षणभर तरंगल्यासारखं झालं.

झडतीत काढलेलं घड्याळ ट्रेमध्ये होतं. भिंतीवर सहा वीस, त्यात तीन पन्नास. साडेनऊ तासांच्या फरकातला हा अर्धा तास मी ओळखतो. आईला भारतात फोन करताना दर रविवारी तोच मोजतो.

"काका, घड्याळ नागपूरचंच ठेवलंय?"

"तिच्यासाठी रे बाळ. डॉक्टर तिला विमानात बसू देत नाहीत. दोन विमानतळांत अंतर किती, विचारते. एकोणीसशे मैल म्हणून तिला काय कळणार? तिच्या घड्याळात सांगितलं, की ती माझ्यासोबत येते."

मी सार्जंटसमोर नागपूरला फोन लावला. काकू जाग्याच होत्या, पुढ्यात मुलीचा शाळेतला नकाशा आहे म्हणाल्या. मुंबईहून अमेरिकेला येतानाचं विचारलं तर घडाघडा म्हणाल्या, "पाचला वाळवंट, साडेसहाला काळा समुद्र." मी शब्दागणिक इंग्रजी करत गेलो, सार्जंट मागच्या पानाच्या मी आधी लिहून दिलेल्या भाषांतरावर बोट ठेवून ऐकत गेला. सगळं जुळलं. बोट थांबलं.

"पण हे पोचले ना? दीडलाच पोचायचे होते."

"पोचले, काकू. सामान यायचंय," मी म्हणालो. खोटं बोललो.

सोडलं त्यांना. माफी कुणी मागितली नाही. अहवालात 'नियमित चौकशी' लिहिलं, खाली माझीही सही.

या प्रकरणाने मला शिकवलं ते स्पष्ट लिहितो. संशय घ्यायला अक्कल लागत नाही. समोरच्याच्या मनगटावरचं घड्याळ बघायला लागते. ते दोन तास कुणी बघितलं नाही, आणि याला आम्ही सुरक्षा म्हणत होतो.

वही परत दिली तेव्हा काकांनी उभ्या उभ्याच एक ओळ लिहिली. मी वाकून वाचली.

'दीड ते सव्वाचार. धुकं. काही दिसलं नाही.'

बायकोला ते एवढंच सांगणार होते. त्या धुक्यात मी गणवेश घालून उभा होतो. महिन्याभरात तो उतरवला.