विसीची जीभ

विसितासिओन, म्हणजे आमची विसी, मूळची बार्बातेची. स्पेनच्या अगदी दक्षिणेला, समुद्राकाठी. तिकडची माणसं शब्दाच्या शेवटचा 'स' गिळूनच टाकतात. इथं उत्तरेला, वायादोलिद शहरात, ती आमच्या पार्लरमध्ये लागली आणि तिची जीभ गिऱ्हाइकाच्या मागून चालू लागली. डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या की एकेक अक्षर लख्ख. तिच्याच भागातली मासेवाली आली की अर्धे शब्द पोटात. ती मुद्दाम करत नव्हती, तिचं तसं व्हायचं. शेजारच्या खुर्चीशी कात्री चालवता चालवता मी रोज ऐकायचे.

एकदा ग्रिसेल्दा आली. नवी गिऱ्हाईक, अर्जेंटिनाची. रस्त्याला आम्ही 'काये' म्हणतो, ती 'काशे' म्हणे. केस धुऊन होईतो विसीही 'काशे, काशे' करायला लागली.

ग्रिसेल्दा ताडकन उठली. "माझी नक्कल करतेस होय गं? इथं येऊन कमी टोमणे ऐकलेत का मी?" ओल्या केसांनीच निघून गेली.

विसीचा चेहरा उतरला. "अगं, मला कळलंसुद्धा नाही..."

त्या दिवसापासून तिनं सगळ्यांशी एकच बोली धरली, शाळेतल्या बाईंसारखी घोटीव. मासेवाली म्हणाली, "रुसलीस का गं माझ्यावर?" आईचा फोन आला, तेव्हाही ठेवताना विसी 'आदिओस' म्हणाली, शेवटच्या 'स'सकट. आई म्हणाली, "कोण बोलताय बाईसाहेब? जरा माझ्या लेकीला द्या बघू." म्हातारी थट्टाच करत होती, पण विसीला रडू फुटलं.

ग्रिसेल्दा चौकातल्या बेकरीत कामाला होती. मी विसीला ओढतच तिथं नेलं. ग्रिसेल्दा एका आजोबांना पाव देत होती. "ग्राथियास, आजोबा!" जिभेचं टोक दातांत धरून, अगदी आमच्यासारखा 'थ'. आभार मानताना तिच्या देशात सगळे 'ग्रासियास' म्हणतात.

विसीला हसू आवरेना. ग्रिसेल्दानं आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग तिच्या लक्षात आलं. गाल लाल झाले.

"आजोबांची नक्कल करत होतीस?" विसीनं विचारलं.

"छे! इतके गोड आहेत ते. तोंडातून आपसूक येतं गं."

"माझंही तसंच झालं."

ग्रिसेल्दानं हातावरचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "बाकी तुझा 'श' अगदीच भिकार होता हं."

शनिवारी ती केस कापायला आली. दोघींच्या गप्पा इतक्या लांबल्या, की विसीची पुढची दोन गिऱ्हाइकं मलाच घ्यावी लागली.